खात्यांची सरमिसळ

आमचे घर पडावात, स्टेशनापासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. सकाळी फूलबागेकडे फिरावयास जाणारी मंडळी दारावरून जातात आणि रात्री गाड्यांच्या शिट्ट्या उशाशी ऐकू येतात. या घरात राहून मी छत्तीस वर्षे महालेखाकारांच्या कचेरीत हिशेब तपासले. जी रक्कम ज्या शीर्षाखाली मांडावयाची ती त्याच शीर्षाखाली मांडली गेली पाहिजे, एवढाच आमचा वेद. एका खात्यातला रुपया दुसऱ्या खात्यात दिसला की आम्ही तेथे लाल शाईची खूण करीत असू, आणि मग वरिष्ठ असो वा कनिष्ठ, ज्याचा तो खुलासा त्याला द्यावाच लागे. अशा माणसाच्या हातून गेल्या वर्षी जी सरमिसळ घडली, तिचा खुलासा म्हणून हा लेख लिहीत आहे.

आमच्या भागातील काही मराठी कुटुंबे मिळून एक लहानसा विद्यार्थी निधी चालवितात. त्याला कार्यालय नाही आणि पाटीही नाही. दरवर्षी जून-जुलैत काही मुलांची फी आणि पुस्तके यांची सोय होते, एवढेच त्याचे कार्य. निधीचा एक नियम मात्र कडक आहे. कोणाला किती दिले, हे देणाऱ्या चौघांपलीकडे कोणासही कळता कामा नये. ग्वाल्हेरच्या मराठी समाजात हा नियम किती आवश्यक आहे, हे येथील वाचकांस सांगावयास नको. सातव्या-आठव्या पिढीपासून येथे राहिलेली माणसे. कोणाचे आजोबा कोणाच्या पणजीचे मामेभाऊ, हे लग्नाच्या पंक्तीत बसल्या बसल्या निघते. अशा ठिकाणी मदत घेणारा लपून राहणे कठीण, आणि एकदा उघड झाला की पुढच्या गणेशोत्सवात त्याच्याकडे पाहणारी नजरच वेगळी होते.

या निधीचा पत्रव्यवहार आणि हिशेब माझ्याकडे. घरात संगणक एकच, तो बैठकीच्या खोलीत. त्यावर माझे स्वतःचे ई-पत्रांचे खाते आणि निधीचे खाते, दोन्ही एकाच कंपनीची, दोन्ही एकाच वेळी उघडी असत. अशा वेळी जे खाते आधी उघडले ते त्या कंपनीच्या लेखी मुख्य ठरते, आणि पत्रातील एखाद्या दुव्यावर टिचकी मारली की तो पुष्कळदा त्या मुख्य खात्यातच उघडतो, ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. दोन्ही खात्यांचे रूप सारखेच. कोपऱ्यातील चण्याएवढ्या वर्तुळात काय तो फरक. त्या दिवशी सकाळी मी निधीच्या कपाटात ठेवतो आहे अशा समजुतीने विद्यार्थ्यांची यादी चढविली. प्रत्यक्षात ती माझ्या स्वतःच्या खात्यातील ‘मुंज’ नावाच्या कपाटात जाऊन पडली. त्यात धाकट्या नातवाच्या मुंजीची छायाचित्रे होती आणि ते त्रेचाळीस नातेवाइकांसाठी खुले होते.

दीड तासाने इंदूरहून मावसभावाचा फोन आला. “दादा, मुंजीच्या फोटोंत ही कसली यादी? यात तर आपल्या ओळखीची नावं आहेत.” मी यादी तत्काळ काढली. पण दीड तास पुष्कळ असतो. त्रेचाळीस नातेवाईक म्हणजे आमच्याकडे निम्मे गावच म्हणावयाचे.

चौथ्या दिवशी यादीतील एका मुलाच्या आई घरी आल्या. बसल्या नाहीत. फीची पावती त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “काका, मी रागावले नाही. तुम्ही मुद्दाम केलं नाहीत हे मला कळतं. पण पुढच्या वर्षी अर्ज करणार नाही, एवढंच सांगायला आले.” सौभाग्यवती आतून चहा घेऊन आल्या तोवर त्या निघून गेल्या होत्या.

मी समितीकडे राजीनामा धाडला. तो परत आला, आणि सोबत एक ओळ: हिशेबनीस बदलून चूक सुटणार नाही, चूक होणार नाही अशी रीत शोधा.

रीत दाखविली ती पुतणीने. ती आमच्याकडे राहून अभियांत्रिकी शिकते. सगळा प्रकार ऐकून ती म्हणाली, “काका, तुम्ही कचेरीत दोन खात्यांची एकच वही ठेवली असतीत का?” प्रश्न नेमका होता. मी दोन माणसांच्या नावे व्यवहार करीत होतो आणि ब्राउझरने दोघांची एकच वही केली होती.

हे असे का होते, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. संकेतस्थळ मूळचे विसराळू असते. आपण एक पान पाहिले आणि दुसरे मागितले, तर मागणारा तोच माणूस आहे हे त्याला कळत नाही. स्टेशनवरील सामानघरात आपण पेटी ठेवतो तेव्हा बाबू आपला चेहरा लक्षात ठेवीत नाही. तो एक पावती देतो, आणि पावती दाखविली की पेटी परत मिळते. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या तंत्रज्ञाने नेमकी ही पावतीची युक्ती ब्राउझरसाठी काढली. तिला त्याने ‘कुकी’ असे खाऊचे नाव दिले. स्थळ एक चिठी देते, आपला ब्राउझर ती जपून ठेवतो आणि त्याच स्थळावर पुन्हा गेलो की दाखवितो. आपण एकदा संकेतशब्द घातल्यावर पानोपानी तो पुन्हा घालावा लागत नाही, तो या चिठीमुळे. यात गैर असे काही नव्हते.

गैर पुढे शिरले. समजा, स्टेशनबाहेरील चहावाला, औषधांचा दुकानदार आणि पुस्तकांचा विक्रेता, या तिघांच्याही दुकानात एकाच जाहिरात कंपनीचा माणूस बसविलेला आहे, आणि तिन्ही ठिकाणी तो आपली एकच पावती पाहून टिपण करतो. संध्याकाळपर्यंत आपण कोणता चहा प्यालो, कोणते औषध घेतले आणि काय वाचले, हे सारे त्याच्या एका कागदावर येते. आपण तर तीन निरनिराळ्या दुकानांत गेलो होतो! जाहिरातदारांनी तीस वर्षे हाच धंदा केला.

यावर मोझिला या संस्थेच्या फायरफॉक्स ब्राउझरने एक तोड काढली. २०१६ साली तिची चाचणी सुरू झाली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. तिचे नाव मल्टि-अकाउंट कंटेनर्स. कंटेनर म्हणजे कप्पा. एकाच ब्राउझरच्या पोटात अनेक कप्पे करावयाचे, आणि प्रत्येक कप्प्याच्या चिठ्ठ्या त्याच कप्प्यात ठेवावयाच्या. निळ्या कप्प्यात मी माझ्या नावाने आत गेलो असलो, तरी नारिंगी कप्प्यात तेच स्थळ मला ओळखत नाही; तेथे निधीच्या नावाने नव्याने आत जावे लागते. मग दोन्ही खाती शेजारी शेजारी उघडी असली तरी एकमेकांत मिसळत नाहीत. ‘मुख्य’ आणि ‘दुय्यम’ हा भेदच उरत नाही, कारण प्रत्येक कप्प्यात एकच खाते असते.

हे ऐकताना मला ब्रॉटनची आठवण झाली. थॉमस ड्युअर ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर हिंडत होता, आणि मराठ्यांच्या छावणीतून लिहिलेल्या त्याच्या पत्रांचे पुस्तक १८१३ साली प्रसिद्ध झाले. तो सांगतो की मुक्काम हलावयाचा असला की बिनीवाला काही तास आधी पुढे जाई, जागा हेरी आणि जेथे शिंद्यांचे डेरे पडावयाचे तेथे एक लहान पांढरे निशाण रोवी. त्याच्या उजव्या-डाव्या अंगांस निरनिराळ्या बाजारांची निशाणे लागत. हजारो माणसांचा तो पसारा रोज उठे आणि रोज नव्या माळरानावर बसे, तरी ज्याचा त्याला ठावठिकाणा सापडे तो निशाणांमुळे. तीच छावणी १८१० साली किल्ल्याच्या दक्षिणेस स्थिरावली आणि तिचे लष्कर शहर झाले. ‘पडाव’ हा शब्दही मुक्कामाचाच. तेव्हा निशाण पाहून राहुटी ओळखण्याची विद्या आम्हांस नवी नसावी! कप्प्यांचेही तसेच आहे. प्रत्येकाला एक रंग असतो आणि त्या कप्प्यात उघडलेल्या टॅबवर त्या रंगाची रेघ उमटते.

आता प्रत्यक्ष कृती. संगणकावर फायरफॉक्स हवा. त्याच्या जोडण्यांच्या दालनात वरील नाव शोधून ती जोडणी बसवावी. पैसे पडत नाहीत. जोडणी देणारी मोझिलाच आहे ना, एवढे मात्र पाहून घ्यावे, कारण सारख्या नावांच्या वस्तू तेथेही असतात. ती बसली की चार कप्पे तयारच मिळतात: वैयक्तिक निळा, कामाचा नारिंगी, बँकेचा हिरवा आणि खरेदीचा गुलाबी. नावे आणि रंग बदलता येतात, आणखी कप्पे करता येतात. नवा टॅब उघडण्यासाठी जे अधिकचे चिन्ह असते, ते दाबून धरले की कप्प्यांची यादी पुढे येते. हवा तो निवडावा. एखादे स्थळ नेहमी अमुकच कप्प्यात उघडावे, अशीही तजवीज करता येते. माझ्या बँकेचे स्थळ आणि निवृत्तिवेतनाचे पान मी हिरव्यात बांधून टाकले आहे. कोणी पत्रातून दुवा धाडला आणि मी निळ्यात असताना त्यावर टिचकी मारली, तर ब्राउझर थांबून विचारतो की हिरव्यात उघडू की येथेच. बँकेच्या नावाने आलेला खोटा दुवा असेल, तर हा प्रश्न येतच नाही, कारण पत्ता वेगळा असतो. या न आलेल्या प्रश्नाने मला एकदा सावध केले आहे. अर्थात तेवढ्यावर विसंबून राहू नये.

येथे एक मेख आहे, आणि माझी चूक नेमकी त्याच जागेची होती. माझे आणि निधीचे खाते एकाच कंपनीचे, म्हणजे स्थळाचा पत्ता एकच. एक पत्ता एकाच कप्प्याला बांधता येतो, दोघांना नाही. तेव्हा या दोन खात्यांच्या बाबतीत ब्राउझर माझ्यासाठी निवड करू शकत नाही. ती मलाच करावी लागते, आणि टॅबवरील रेघ निळी की नारिंगी हे मलाच पाहावे लागते. मी टेबलावर एक नारिंगी दौतीचे झाकण ठेवले आहे. निधीचे काम करताना ते डाव्या हाताशी घ्यावयाचे. पुतणी हसते, हसू दे.

बांधणी अति केली तर काय होते, हेही सांगून ठेवतो. पुण्यास जावयाचे होते. झेलम एक्सप्रेसचे तत्काळ तिकीट काढण्यासाठी सकाळी सव्वा नऊपासून मी सज्ज. तिकिटाचे स्थळ गुलाबी कप्प्यात, बँक हिरव्यात बांधलेली. दहाच्या ठोक्याला डबा निवडला, नावे भरली, पैसे भरण्याची वेळ आली आणि गुलाबीतून बँकेकडे जाताच ते पान उडी मारून हिरव्यात गेले. हिरव्या कप्प्याला या तिकिटाची काहीच खबर नव्हती. व्यवहार तुटला, तिकीट गेले. दोष कोणाचाच नाही. दोन भिंतींच्या मध्ये मीच दार ठेवले नव्हते. पैसे भरताना ब्राउझर विचारील तेव्हा ‘आहे त्याच कप्प्यात’ असे उत्तर द्यावे, म्हणजे साखळी तुटत नाही. आम्ही दोन दिवसांनी गेलो.

जाहिरातदारांच्या बाबतीत कप्प्यांची मातबरी पूर्वीइतकी राहिलेली नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. जून २०२२ पासून फायरफॉक्स स्वतःच प्रत्येक स्थळाच्या चिठ्ठ्या निरनिराळ्या बरणीत ठेवतो. जोडणी बसवा वा न बसवा. अ‍ॅपलच्या सफारीने परक्यांच्या चिठ्ठ्या मार्च २०२० मध्येच पूर्ण बंद केल्या. गूगलने क्रोममधून त्या काढून टाकण्याचे २०२० च्या जानेवारीत जाहीर केले होते. पण तारखा पुढे ढकलीत ढकलीत जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. जाहिरातींवर ज्यांचे पोट आहे त्यांनी जाहिरातदाराला दुकानाबाहेर काढावे, ही अपेक्षाच थोडी भाबडी होती. क्रोम किंवा एज वापरणाऱ्यांसाठी ‘प्रोफाइल’ ही सोय आहे. तीत प्रत्येक खात्यासाठी स्वतंत्र खिडकी मिळते आणि भेटींची नोंद व साठविलेले संकेतशब्दही वेगळे राहतात. ती अधिक जड, पण अधिक पक्की. माझ्यासारख्या, दिवसातून दहा वेळा या खात्यातून त्या खात्यात जाणाऱ्यास कप्पे सोयीचे पडतात. मोबाईलवरील फायरफॉक्समध्ये मात्र ही जोडणी चालत नाही.

कप्पा म्हणजे बुरखा नव्हे. आपल्या घराच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक सगळ्या कप्प्यांतून सारखाच बाहेर दिसतो. संगणकाची ठेवण, पडद्याचा आकार, अक्षरांचे संच अशा खाणाखुणांवरूनही काही स्थळे माणूस ताडतात. आणि निळ्यात व गुलाबीत दोन्हीकडे आपण एकच मोबाईल क्रमांक लिहून दिला, तर भिंत बांधून उपयोग काय?

पण सर्वांत मोठा गैरसमज निराळाच आहे, आणि तो मलाही झाला होता. कप्पे करून झाल्यावर मी उत्साहाने पुतणीला म्हणालो, “आता घरातल्या प्रत्येकाला एक रंग देऊ. तुझा जांभळा.” ती लगेच काही बोलली नाही. मग तिने एक गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी तिने याच संगणकावर स्त्रियांच्या एका विकाराविषयी वाचले होते. तिला शंका होती आणि विचारण्याचा संकोच होता. दुसऱ्या दिवसापासून त्या विकाराच्या दवाखान्यांच्या जाहिराती माझ्या वर्तमानपत्राच्या पानाशेजारी झळकू लागल्या. मी चष्म्याच्या वरून त्या पाहिल्या असतील आणि विसरलो असेन. पण तिच्या काकूंनी जेवताना सहज विचारले होते, “घरात कोणाला बरं नाहीये का?” सहजच. पुतणी त्यानंतर तो संगणक वापरीनाशी झाली, आणि आम्हां दोघांनाही ते इतके दिवस उमगले नव्हते.

“जांभळा कप्पा दिलात तरी काका,” ती म्हणाली, “भेटींची यादी सगळ्यांची एकच राहते. साठवलेले पासवर्ड एकच. तुम्ही माझा जांभळा टॅब उघडलात तर माझी पत्रं तुमच्यासमोर. हे कप्पे एका स्थळापासून दुसऱ्या स्थळाला लपवतात. माणसाला माणसापासून नाही.”

ते खरे आहे. माणसामाणसांमधील भिंतीसाठी संगणकावरच प्रत्येकाचे स्वतंत्र नाव आणि संकेतशब्द असावा लागतो. विंडोज असो वा दुसरी कोणती प्रणाली, ही सोय सगळीकडे असते, आणि ती करावयास पंधरा मिनिटे लागतात. आमच्या पिढीला ही मागणी थोडी टोचते. एका वाड्यात वाढलेली आम्ही माणसे. आलेले पत्र माजघरात सर्वांसमक्ष वाचले जाई, आणि दार लावून घेणे म्हणजे काहीतरी बिनसल्याचे लक्षण समजले जाई. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले, तेव्हा मी ते वर्तमानपत्रात वाचून पसंतीची मान हलविली होती. सरकारने आपल्या घरात डोकावू नये, एवढाच अर्थ मी त्यातून घेतला होता. २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही कंपन्या आणि कचेऱ्या यांच्यासाठी आहे. घरगुती वापराला तो लागू नाही. बैठकीच्या खोलीतला संगणक ज्याने त्याने आपल्याच शहाणपणाने सांभाळावयाचा.

आता आमच्या संगणकावर तीन नावे आहेत. सौभाग्यवतींनी आपला संकेतशब्द मला सांगितलेला नाही, आणि त्याचा त्यांना बराच आनंद झालेला दिसतो. पुतणी पुन्हा तेथे बसू लागली आहे. माझ्या नावाखाली चार रंगांचे कप्पे आहेत, आणि एक पाचवा, तात्पुरत्या उद्योगांसाठीचा, जो मी महिन्याच्या शेवटी पुसून टाकतो; कप्पा पुसला की त्याच्या चिठ्ठ्याही जातात.

निधीपुरते म्हणावयाचे तर समितीने माझी सारी रंगीत व्यवस्था शांतपणे पाहून घेतली. आमचे चिटणीस ऐंशीच्या घरात आहेत. ते म्हणाले, “चांगलं आहे. पण तुमचे डोळे पुढच्या वर्षी आणखी मंद होतील, त्याचं काय?” मग असे ठरले की मुलांची नावे संगणकात चढवावयाचीच नाहीत. ती एका बांधीव वहीत, चिटणिसांच्या गोदरेजच्या कपाटात राहतील. माझ्या नारिंगी कप्प्यात केवळ क्रमांक आणि रकमा असतात. क्रमांक सात कोण, हे यादी कोठेही जाऊन पडली तरी कोणास कळणार नाही. हा उपाय मला सुचावयास हवा होता. जन्मभर मी पावती-क्रमांकांवरच जगलो.

यंदाचे अर्ज जुलैच्या पहिल्या आठवड्यात आले. गेल्या वर्षीच्या यादीतली बाकी सर्व मुले पुन्हा आहेत आणि तीन नवी आहेत. त्या बाईंच्या मुलाचा अर्ज आलेला नाही. वहीतील त्याच्या नावापुढचा रकाना मी अजून कोराच ठेवला आहे.